साखळीतली तिसरी पेटी

सोमवार, ३ तारीख

पांढऱ्या धुळीत उभं राहून छाती गमावलेल्या माझ्या सोबत्यांनो, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या बायांनो! अकरा वर्षं आपल्याला एकच उत्तर मिळतंय: नोंद नाही. माणूस खोकत खोकत गेला, त्याची नोंद नाही. दर महिन्याला दवाखान्यात रांग लावून नळीत फुंकर मारली, त्याचीही नोंद नाही. जणू कारखान्यात आपण श्वास घेतलाच नव्हता.

वही उघडली की माझी सभाच भरते, काय करणार. पण आजचा दिवसही तसाच आहे. न्यायालयाने बंद कारखान्याच्या दवाखान्याची खोली उघडायला लावली, आणि आपल्या वतीने तिथे बसून जुना संगणक सुरू करायचं काम मला मिळालं. वकीलबाईंनी मला निवडलं ते भाषणांसाठी नाही. संघटनेचं कार्यालय बंद पडल्यावर मी इतकी वर्षं जुने संगणक दुरुस्त करूनच जगलो, हे त्यांना ठाऊक आहे.

फाटकावर पहारेकरी भेटला. तो आपलाच, कटाई विभागातला. मला बघताच त्याने कानांवर हात ठेवले आणि म्हणाला, भोंगेराव, आत हळू बोला, पत्रे आधीच सैल झालेत. दोघं हसत हसत जिना चढलो. बेचाळीस पायऱ्या. मी बोलतच वर पोचलो. तो पंचविसाव्या पायरीवर कठडा धरून उभा राहिला.

खोली छान आहे. मोठी खिडकी, भरपूर उजेड. वजनकाटा, डोळे तपासायचा तक्ता, आणि कोपऱ्यात छातीचा जोर मोजायची ती फुंकणी, रबरी नळी अजून लोंबतेय. टेबलावर पिवळा पडलेला संगणक. मला तर जुना वर्गमित्र भेटल्यासारखं झालं.

घरी येऊन वहिनीला ऐट दाखवली. सभेआधीचा माझा जुना सराव: एका श्वासात किती आकडे मोजता येतात? बासष्ट. वहिनी म्हणाली, भाऊजी, तेवढ्या वेळात माझी भाजी चिरून झाली असती.

मंगळवार, ४ तारीख

आज झाकण उघडून धूळ काढली. आतली डिस्क ठणठणीत आहे, पण जवळजवळ कोरी. खरा माल बाहेर, टेबलामागे ठेवलेल्या तीन पेट्यांत. प्रत्येक पेटीत एक डिस्क.

ही व्यवस्था ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहितो. संगणकातून एक जाड केबल पहिल्या पेटीत जाते, पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. एक साखळी. प्रत्येक पेटीला आपला क्रमांक, दोघींचा सारखा चालत नाही. आणि साखळीच्या शेवटच्या तोंडाला बोटभर टोपी लावावी लागते. टोपी नसेल तर निरोप टोकाला आपटून मागे फिरतो आणि सगळा गोंधळ होतो. म्हणून नियम एकच: टोपी शेवटी. मधे लावली तर साखळी तिथेच संपते.

इथे टोपी मधे होती! दुसऱ्या पेटीला. तिसरी पेटी तोंड भिंतीकडे करून ठेवलेली, तिची केबल उपटून नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेली, आणि विजेची वायर बुडापासून कापलेली. कोण हा शहाणा? कापायचीच होती तर सगळ्यांच्या कापायच्या. अर्धवट काम करणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

पहिल्या दोन पेट्या वाचल्या. सगळ्यांच्या छात्या धडधाकट. मालकाच्या वकिलाला याहून गोड पुरावा काय हवा?

आणखी एक खोच आहे. न्यायालयाच्या आदेशात फक्त ‘संगणक’ असं लिहिलंय. शुक्रवारी, २१ तारखेला तो सील करून नेतील. पेट्या यादीत नाहीत. त्या पाडल्या जाणाऱ्या इमारतीबरोबर भंगारात जातील. म्हणजे बाहेर जे आहे ते त्याआधी आतल्या डिस्कवर यायला हवं. नाहीतर पुन्हा तेच, नोंद नाही.

बुधवार, ५ तारीख

टोपी काढली. दोरा सोडून केबल तिसऱ्या पेटीला जोडली, टोपी तिच्या मागच्या तोंडाला बसवली. नियमाप्रमाणे. विजेची नवी वायर उद्या आणणार होतो, आज फक्त जोडणी तपासायची म्हणून संगणक सुरू केला.

पडद्यावर तीन पेट्या दिसल्या.

मी खाली वाकून पाहिलं. कापलेल्या वायरचं तांबं बाहेर दिसतंय आणि पेटीचा हिरवा दिवा लागलाय. आत डिस्क फिरतेय. माझ्या ओळखीच्या रेडिओवाल्याला फोन केला. तो म्हणाला, केबलमधून टोपीपुरती थोडी वीज जाते खरी, पण तेवढ्यावर मोटर हलायची नाही. बहुतेक तू चष्मा घरी विसरलास.

चष्मा डोळ्यांवर होता.

आत दोनशे चौदा फायली. प्रत्येकीला एका माणसाच्या बिल्ल्याचा क्रमांक. बिल्ला लिहायचा, कळ दाबायची, फाइल सहा सेकंदांत आतल्या डिस्कवर उतरते. सगळ्या एकदम मागितल्या तर यंत्र ढिम्म बसतं. कळ दाबून मी चहा घ्यायला उठलो तर फाइल उतरली, पण रिकामी. खुर्चीत बसून पुन्हा मागितली तेव्हा भरलेली आली. विचित्र खोड आहे.

तीन उतरवल्या. प्रत्येक वेळी पाणी चुकीच्या नळीत गेल्यासारखं झालं. जुनी धूळ.

गुरुवार, ६ तारीख

आज अकरा. एकूण चौदा.

आकडे भयंकर आहेत. याच माणसांच्या पहिल्या पेटीतल्या छात्या आणि या छात्या! निम्म्या, पाव. आम्ही फुंकायचो आणि आतली बाई मान खाली घालून टंकायची. तिला दिसत होतं. डॉक्टरला दिसत होतं. मालकाला दिसत होतं. फक्त फुंकणाऱ्याला सांगितलं नाही.

फायलींच्या तारखा पाहिल्या. सगळ्या त्या संपानंतरच्या.

या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. तिच्या चौथऱ्यावर उभा राहून मी चाळीस मिनिटं बोललो होतो. मालकाने शब्द दिला होता, महिन्याभरात धूळ ओढणारे पंखे बसवतो. कामगार म्हणत होते, आधी पंखे, मग काम. मी म्हणालो, विश्वास ठेवा, छाती काढून आत चला. आणि माझ्या आवाजावर दोनशे माणसं आत गेली. पंखे आले. भिंतीत बसवले. त्यांच्या वायरी कोणी जोडल्याच नाहीत.

एका श्वासात छप्पन्न.

शुक्रवार, ७ तारीख

बारा. एकूण सव्वीस. मोजले तर पन्नास.

कळ दाबल्यापासून फाइल उतरेपर्यंत मला श्वास घेता येत नाही. घेता येत नाही म्हणजे घेऊन पाहतो आणि छाती उघडत नाही. पेटी आत ओढते, मी बसून राहतो. मग सुटका होते, पण गेलेलं सगळं परत मिळत नाही.

दुपारी बिल्ला ८८ उतरवला. कामावर शीळ घालायचा तो, आता हयात नाही. उतरवून झाल्यावर मला खोकला आला आणि खोकल्याच्या शेवटी छातीतून शीळ वाजली.

पाच मिनिटांनी पहारेकरी दारात. धापा टाकत, चेहरा पांढरा. विचारत होता, वर कोण आलंय? मी म्हटलं, मी एकटाच. तो खोलीभर बघत राहिला. म्हणाला, चेष्टा करू नका, सोळा वर्षं शेजारी उभा होतो त्याच्या, खोकला ओळखत नाही होय?

आम्ही दोघं त्यानंतर हसलो नाही. जाता जाता त्याने सांगितलं की दवाखान्यातली ती टंकणारी बाई अजून आहे, गल्लीच्या टोकाला राहते.

सोमवार, १० तारीख

बाईकडे गेलो. ती कुजबुजतच बोलते. आवाज राहिलेला नाही. दोन वाक्यं झाली की थांबते आणि पाटीवर लिहिते.

वायर तिने कापली. टोपी तिने मधे लावली. कारखाना बंद झाला त्या महिन्यात ती रोज चोरून बसून फायलींच्या फ्लॉपी बनवत होती. एकसष्ट झाल्या. तोवर जिना उतरतानाही बसावं लागायचं. बरोबरच्या चौघांना म्हणाली, एकेक जण येऊन बसा. चौघांनी तिला सुट्टी घ्यायला सांगितलं. मग तिने पेटीचं तोंड भिंतीकडे केलं. तिला जगायचं होतं, असं ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिच्यावर खटला भरलाय.

मी विचारलं, त्या एकसष्ट फायली कुठे आहेत?

तिने पाटी पुसली आणि लिहिलं: तुमच्या कार्यालयात दिल्या होत्या. पाकिटात. पोचपावतीवर सही तुमचीच. वाचलं नाहीत?

आठवलं. तपकिरी पाकीट. तेव्हा मला संगणक कळत नव्हता. नंतर बघू म्हणून कपाटात टाकलं. कार्यालय गेलं तेव्हा कपाटही गेलं, आतल्या कागदांसकट.

सोबत्यांनो, मी तुमच्यापुढे मालकाला हजार वेळा चोर म्हटलंय. आज हे वाक्य माझ्याविषयी लिहितो: पुरावा माझ्या हातात आला होता आणि मी तो उघडला नाही.

मंगळवार, ११ तारीख

केबल उपटली. टोपी पुन्हा दुसऱ्या पेटीला लावली. तिसरीचा दिवा विझला.

काय शांतता! दिवसभर खिडकीशी बसून नुसता श्वास घेतला. इतकी सुखाची दुपार कित्येक वर्षांत गेली नव्हती. त्या सुखाची लाज वाटते.

संध्याकाळी वकीलबाई आल्या. आतल्या डिस्कवरच्या सव्वीस फायली पाहून म्हणाल्या की एवढ्यावर समोरचा वकील म्हणेल, ही सव्वीस माणसं विड्या ओढत असतील. बाकीचे सगळे लागतील. त्या बोलत असताना मी टोपीकडे बघत होतो.

बुधवार, १२ तारीख

जोडली. पुन्हा.

तीस उतरवल्या. छप्पन्न झाल्या. मोजले तर पस्तीस.

तिसावी मुद्दाम शेवटी ठेवली होती. बिल्ला ११७. माझा दादा. त्या दिवशी टाकीखाली पहिल्या रांगेत उभा होता. सगळ्यांत आधी तोच आत गेला, धाकटा भाऊ बोलतोय म्हणून. सहा सेकंद. पेटीने ओढलं, मी सोडलं.

घरी पोचलो तेव्हा अजून उजेड होता. ओट्यापाशी वहिनीची पाठ माझ्याकडे होती. दारात चपला काढताना मला खोकला आला.

दोन छोटे, एक लांब, आणि शेवटी घसा खाकरणं.

तिच्या हातातलं पातेलं खाली पडलं. मागे न वळता ती म्हणाली, अहो, आलात?

मग वळली. मला पाहिलं. मी सगळं सांगितलं, टाकीपासून पेटीपर्यंत. ती रडली नाही, ओरडली नाही. पातेलं उचलून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, भाऊजी, आणखी एकदा खोका.

मी खोकलो.

गुरुवार, १३ तारीख

वहिनी माझ्याबरोबर आली. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, अकरा वर्षं तुमचं ऐकलं, आता गप बसा. खुर्चीत बसली. तिला तिच्या माहेरच्या भावाचा बिल्ला पाठ होता, तोही कटाईतलाच. लिहिला. कळ दाबली. डोळे मिटून सहा सेकंद बसली. उठली.

आधी तिने बावन्न मोजले होते. नंतर एकावन्न.

एकच आकडा! जिना उतरली ती न थांबता.

मग पहारेकरी आला. शीळवाल्याच्या पलीकडे उभा राहायचा त्या माणसाची फाइल त्याने उतरवली. घाम पुसत म्हणाला की फुंकणीपुढे रांग लावायची सवय आहेच, पुन्हा लावायची एवढंच. त्याचाही एकच गेला.

म्हणजे कळलं. एकाने सगळं केलं तर एक माणूस संपतो. सगळ्यांनी एकेक केलं तर कोणाचंच काही जात नाही. आयुष्यभर हेच ओरडत आलो होतो, आणि पेटीने मला शिकवलं.

दोघं आणखी बसायला तयार होते. मी बसू दिलं नाही. वहिनीला घरोघर पाठवलं, सगळ्यांना सांग म्हणून.

माझ्या अठ्ठावीस. एकूण शहाऐंशी. मोजले, एकवीस.

शुक्रवार, १४ तारीख

कोणी आलं नाही.

वहिनी चाळीस घरं फिरली. एक म्हणाला, सोमवारी बघतो. एकीच्या जावयाला आवडणार नाही. एकाने विचारलं, भोंगा बोलावतोय का? मागच्या वेळी बोलावलं तेव्हा काय झालं, आठवतंय ना? दार लावून घेतलं.

बरोबर आहे त्याचं. पण —

चोवीस. एकूण एकशे दहा. तेरा मोजले. जिन्यात चार वेळा बसलो.

आता माझा स्वतःचा खोकला कसा होता ते आठवत नाही.

सोमवार, १७ तारीख

चौदा. एकूण एकशे चोवीस. आठ.

बोलता येत नाही. लिहितो. पहारेकरी काल हाताला धरून वर — नाही, आज. आज सकाळी. त्याला आणि वहिनीला खुर्चीला हात लावू दिला नाही. त्यांचा वाटा झालाय. तो म्हणाला, तुमचा कितीदा झाला? मी पुढचा बिल्ला लिहिला.

पेटी आता कळ दाबायच्या आधीच ओढते. मी खोलीत आलो की तिला कळतं. रांग लागलीय तिथे, गेलेल्यांची. ढकलाढकली नाही. एकामागे एक. बिल्ला हातात धरून.

त्यांना राग नाही. तोच त्रास आहे. राग असता तर —

मंगळवार, १८ तारीख

सात. एकशे एकतीस. पाच.

बाई आली होती. जिना चढून! टोपीकडे बोट दाखवलं. लावा मधे, म्हणाली. जगा.

हात लावला. टोपी थंड होती. एक चिमटीभर वस्तू. लावली की खोली शांत. पुन्हा खिडकी. पुन्हा श्वास.

नाही लावली.

बाई खुर्चीत बसली. एक उतरवायला. मी तिला उठवलं. तिचा वाटा कधीच झालाय — आणि तो मी हरवला.

बुधवार, १९ तारीख

त्र्याऐंशी उरल्या.

सोबत्यांनो, शेवटचं भाषण. छोटं आहे. श्वास नाही.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. एकदा ठेवलात. वहिनीला विचारा. पहारेकऱ्याला विचारा. एक फाइल, सहा सेकंद, एक आकडा. तुम्ही त्र्याऐंशीहून खूप जास्त आहात.

शुक्रवारी नेतील. मग पेट्या नाहीत. मग नोंद नाही.

आज तीन — नाही. एकच. अर्धी. पुन्हा करावी लागेल.

पेटी थांबलीय. वाट बघतेय. मी पण.

जिन्यावर पावलं.

पायऱ्या मोजतोय. नऊ. दहा. अकरा. बारा. थांबली.

खोकला. वर आला. हा ८८ नाही. दादा नाही. कोणाचा हा — ओळखीचा — हा तर माझा. माझा जुना. पण मी इथे — की मीही आता त्या रांगेत?

तेरा. चौदा.

कोण असाल ते असा. जिवंत असाल तर ऐका. खुर्ची मोकळी करतोय. टोपी शेवटीच राहू द्या. बसा. बिल्ला लिहा. एकच फाइल उतरवा, आणि उठा, आणि दुसऱ्याला बसू —